शून्य टक्क्याचं देणं

कोथळवाडी, जि. सांगली
२४ जुलै २०२४

चि. चंदना,

जय जिनेंद्र. पाकीट पाहून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत.

चातुर्मासासाठी गावात माताजी आल्या आहेत. प्रत्येकीने काहीतरी सोडलं. कोणी चहा, कोणी गोड. माताजींनी मला विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय चिकटलंय? मी खरं ते सांगितलं. त्यामुळे दिवाळी होईपर्यंत मोबाईलला हात नाही. आमच्या ह्यांच्या फोनवरून बोलणंही नाही, ती चोरवाट झाली. म्हणून हे पत्र.

आता कामाचं. माघात आपल्या देवळात पाच दिवसांची मोठी पूजा बसणार आहे. त्यात मुकुट घालून रथात बसणारं जोडपं, म्हणजे इंद्र-इंद्राणी, कोण व्हायचं ते दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, २० ऑक्टोबरला, सवालात ठरेल. तू लहानपणी सवाल पाहिलेत. पंडित पुकारतात, लोक बोली चढवतात, शेवटची बोली ज्याची त्याचा मान. मोठ्या गावांत हे दहा-वीस लाखांवर जातं. आपलं गाव बेताचं. लाख-दीड लाखात निकाल लागतो.

मला इंद्राणी व्हायचंय. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून दुसऱ्यांच्या डोक्यावरचे मुकुट पाहते आहे. दुधाच्या बिलातून दर महिन्याला दोन हजार पतसंस्थेत टाकते ते याचसाठी. दसऱ्याला आठ वर्षं पुरी होतील. समोर माझी जाऊ सुंदरी असणार. तिचा ऊस चांगला आहे, आवाज त्याहून चांगला. कुठपर्यंत चढायचं ते मला घरून ठरवून जायचंय. सवालात माणसाला भान राहत नाही.

आमचा गोमटेश बंगळूरला जाताना त्याचा जुना लॅपटॉप ठेवून गेला. तू कॉलेजात मुलांना एक्सेल शिकवतेस, मला शिकव. लॅपटॉप चालेल का, हे माताजींना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, हिशेबाला दोष नाही, हावेला आहे.

ह्यांना इंद्र व्हायचं नाही. म्हणतात, "ह्या वयात मुकुट घालून बसू व्हय मी? नंदीबैल दिसंल निव्वळ."

तुझी,
राजमती आत्या

·

सातारा
१ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

घरमालकीणबाईंनी तुझं पाकीट दोनदा उलटंपालटं करून मग हातात दिलं. हल्ली पत्र फक्त कोर्टाकडून येतं अशी त्यांची समजूत आहे. भिंतीला खिळा मारायचा नाही, या एका अटीवर मी इथे सहा वर्षं राहते. कॅलेंडर कपाटाच्या मुठीला टांगलंय. तुझं पत्र त्याच्यामागे खोचलं.

आता धडा पहिला. एक्सेल उघडलंस की चौकटी दिसतील. कुठल्याही एका चौकटीवर जा. आधी बरोबरचं चिन्ह. ते दिलं नाही तर त्याला वाटतं तू गप्पा मारते आहेस. मग एफ आणि व्ही ही दोन अक्षरं. पुढे जाऊन किती होतील, हे सांगणारं सूत्र आहे ते. कंसात तीन गोष्टी लिहायच्या: व्याजाचा दर, किती वेळा भरलेस, दर वेळी किती भरलेस. मध्ये स्वल्पविराम.

दर सात टक्के असेल ना? आठ वर्षांचे महिने शहाण्णव. दोन हजार.

मामांना सांग, नंदीबैलाचा मान फार मोठा असतो.

चंदना

·

कोथळवाडी
९ ऑगस्ट २०२४

चि. चंदना,

मी करोडपती आहे.

तू सांगितलंस तसंच लिहिलं. बरोबर, एफव्ही, सात टक्के, शहाण्णव, दोन हजार. एंटर दाबलं. चौकट भरून आकडा आला. एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख आणि वर काही हजार. अक्षरं लाल, आणि आकड्याच्या आधी एक आडवी रेघ.

मी तीनदा केलं. तिन्हीदा तेच. मग ह्यांना हाक मारली. चष्मा लावून एकेक अंक बोटाने मोजला त्यांनी. मग म्हणाले, "आणि मला सांगतीस, पायजमा उसवलाय तर शिवून घाला."

मला ठाऊक आहे की म्हशी एवढं दूध देत नाहीत. पण ते संध्याकाळी डेअरीवर गेले तेव्हा मी त्यांचं तोंड बांधायला विसरले. सकाळी सुंदरी आली. साखर मागायला. तिच्या घरात साखर नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. कपाटाकडे बघत बसली.

रेघेचा अर्थ काय? कर्ज आहे का तेवढं माझ्यावर?

आत्या

·

सातारा
१६ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले. चूक माझीच.

सात टक्के वर्षाचे आहेत, तू भरतेस महिन्याला. मी भागिले बारा लिहायला विसरले. त्यामुळे एक्सेलने तुला दर महिन्याला सात टक्के व्याज दिलं, आणि तेही आठ वर्षं. असं व्याज देणारा कोणी भेटला तर आधी पोलिसांना सांगायचं.

रेघेचं असं आहे. पैसा हातातून जातो तेव्हा उणे, हातात येतो तेव्हा अधिक. तू दोन हजार अधिक लिहिलेस. त्याला वाटलं ते तुला मिळाले, म्हणजे शेवटी परत करायचे. तू भरतेस, तेव्हा ते उणे लिही. असं:

=FV(7%/12, 96, -2000)

पतसंस्था व्याज तिमाही धरते, त्यामुळे पासबुकात थोडा फरक पडेल. घाबरू नकोस.

आता आलीच आहेस तर कर्जही शीक, गावात उपयोगी पडेल. त्याला पीएमटी. समजा एक बाई आहे. तिला वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के.

=PMT(8.5%/12, 240, 2000000)

उणे सतरा हजार तीनशे छप्पन आणि काही पैसे येतील. हा तिचा महिन्याचा हप्ता. वीस लाख हातात येतात म्हणून अधिक, हप्ता हातातून जातो म्हणून उणे.

खरा आकडा आला की सांग. आणि मामांना डेअरीवर जाऊन दुरुस्ती करायला सांग.

चंदना

·

कोथळवाडी
२ सप्टेंबर २०२४

चि. चंदना,

दोन लाख छप्पन हजार तीनशे अठ्ठ्याण्णव. आता काळ्या अक्षरात आणि रेघेशिवाय. यातले एक लाख ब्याण्णव हजार माझे, बाकीचे व्याजाचे. कोटीपेक्षा हा आकडा बरा वाटला. ओळखीचा आहे.

दुरुस्ती झाली नाही. हे डेअरीवर गेले, म्हणाले, "आवं, चुकलं ते. अडीच लाखच हाईत." सगळे हसले. कोणी पाठीवर थाप मारली. "व्हय व्हय, आण्णा. सांगू नगा कुणाला. आमी बी न्हाई सांगत." आता नाही म्हणावं तितका कोटी पक्का होतो आहे. दूध मोजणारा त्यांना खुर्ची देऊ लागलाय.

लॅपटॉपची बातमीही पसरली. शेजारच्या राहीबाईला पिठाची गिरणी घ्यायची आहे. एक जण लाख रुपये द्यायला तयार आहे. तीन वर्षं, दहा टक्के, महिन्याला तीन हजार सहाशे अकरा. सोसायटी तेरा टक्के म्हणते. राहीबाई म्हणाली, "आत्या, दहा कमी का तेरा? पोरगं शाळंत बी सांगंल. पर तुमच्या मिशीनला एकदा इचारा." मी पीएमटीत दहा टक्के घालून पाहिले. हप्ता त्याच्या हप्त्यापेक्षा बराच कमी येतो. कोण चुकतंय, मी की तो?

पर्युषणाचे दहा दिवस मी लिहिणार नाही. त्याआधी उत्तर पाठव.

आत्या

·

सातारा
६ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू चुकत नाहीस. तोही चुकत नाही, तो हुशार आहे. राहीबाई दर महिन्याला थोडं मुद्दल फेडणार. शेवटच्या वर्षी तिच्याकडे त्याचे थोडेच पैसे उरतील. पण व्याज तो तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर घेतो. त्याचा खरा दर काढायला रेट नावाचं सूत्र आहे:

=RATE(36, -3611, 100000)*12

जवळजवळ अठरा टक्के येईल. सोसायटीचे तेरा उरलेल्या मुद्दलावर आहेत ना, तेवढं विचारून घ्या. मग तेराच कमी.

आणखी एक सूत्र देते, तुला आवडेल. एनपर. ठरलेली रक्कम जमायला किती महिने लागतील ते सांगतं. आपली मागच्या पत्रातली बाई घे. घर पंचवीस लाखांचं. बँक ऐंशी टक्केच देते, वीस लाख. पाच लाख तिचे तिने उभे करायचे, त्यातले साडेतीन आहेत. दीड लाख कमी. महिन्याला दहा हजार बाजूला टाकले तर:

=NPER(7%/12, -10000, 0, 150000)

साडेचौदा महिने. पण तेवढे महिने तिच्याकडे नाहीत, बिल्डर दिवाळीच्या पाडव्यापर्यंतच थांबणार आहे. मग हातचं सोडायचं, दुसरं बघायचं. स्वयंपाकघरातून अजिंक्यतारा दिसणारं घर पुन्हा मिळेलच असं नाही, पण ते काही एक्सेलला विचारता येत नाही.

तुझ्या सवालाचं माझ्या मते असं. दोन लाखांपर्यंत चढ. छप्पन हजार आजारपणाला ठेव. सुंदरीकाकू दोन लाखांच्या आत दमेल.

पर्युषण नीट होऊ दे. पाणी पीत जा.

चंदना

·

कोथळवाडी
१९ सप्टेंबर २०२४

चि. चंदना,

पर्युषण पार पडलं. काल क्षमावाणी होती. वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत जे दुखलं असेल त्याची क्षमा कर. मीही केली. तुला एकाच गोष्टीची क्षमा करायची होती, ती आता लिहिते.

"समजा" म्हटलेल्या बाईला स्वयंपाकघरातून अजिंक्यतारा दिसत नाही. तिला पाडव्याची मुदत नसते. तुझी बाई दोन पत्रांत एकदाही बदलली नाही. वीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के. पोरांना शिकवताना तू आकडे बदलत असशील, मला शिकवताना विसरलीस.

घर घेते आहेस. चांगलं आहे. मला का सांगितलं नाहीस?

राहीबाई सोसायटीत गेली. उरलेल्या मुद्दलावरच आहे म्हणाले. आधीच्या माणसाला तिने सांगितलं, "तुझं दहा म्हंजे अठरा हाय, कोथळवाडीच्या मिशीननं सांगितलं." आता तो सायकलवरून जाताना माझ्या दाराकडे बघत नाही.

आत्या

·

सातारा
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

पकडलंस. क्षमा कर.

सांगितलं नाही, कारण तू काय करशील हे मला ठाऊक होतं. तुझे पैसे मुकुटाचे आहेत. बाबांनी विचारलं होतं, एकट्या बाईला घर कशाला? मी म्हणाले, खिळा मारायला. ते अजून रागावलेत. त्या भांडणात तुला ओढायचं नव्हतं.

आणि आता गरजही नाही. बँकेने साडेएकवीस लाख मंजूर केले. हप्ता अठरा हजार सहाशेच्या घरात जाईल, झेपेल. प्रश्न मिटला. तू निश्चिंत मनाने दोन लाखांपर्यंत चढ. मला माघात तुला रथात बघायचंय. सुंदरीकाकू साखर मागायला आली होती ना, तिला रथातून खडीसाखर फेकून मार.

चंदना

·

कोथळवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. चंदनास पायगोंडा मामाचा आशीर्वाद.

मी फोनच करणार होतो. तुजी आत्या म्हनली, लिवा. फोनवर तुमी निम्मं इसरता. म्हनून लिवतोय. शाळंनंतर पयलंच पत्र हाय, हसू नगस.

काल सवाल झालं. मंडप गच्च. इंद्राचा सवाल पुकारला. सुंदरीनं एकदम एकावन्न हजारावर उडी घेटली. हिनं एकसष्ट. ती एकाहत्तर. ही एक्याण्णव. लोकं पत्ते सोडून आत आली. सुंदरीनं पंच्याण्णव म्हनताना आवाज चिरकला. हिनं एक लाख एक हजार. टाळ्या पडल्या. सुंदरी उबी राहून म्हनली, "एक लाख अकरा!"

मंग ही गप बसली.

पंडित म्हनलं, एक वेळ. मी हिला कोपरानं ढोसलं. "चढ की गं." ही म्हनली, "कागद संपला." दोन वेळ. मंडपातली समदी मान वळवून आमच्याकडं. कोटीवाल्या गप कशा? मी हिच्या हातातली चिठ्ठी बगितली. वर दोन लाख छप्पन. त्याच्याखाली उने दीड लाख, आनि फुडं तुजं नाव. खाली उरलेलं एक लाख सहा हजार. त्याला दोनदा रेघ मारल्याली.

तुला खरं सांगतो पोरी, मी लय दीस म्हनत आलो, मुकुट नगं, मुकुट नगं. पर तवा मीच हात वर कराय गेलो. आठ वर्सं बगतोय मी तिला डेअरीचं बिल इस्त्रीच्या कापडाखाली ठेवताना. हिनं माजा हात धरून खाली दाबला. लय ताकद हाय तिला, म्हशी आवरती. तीन वेळ. सुंदरी इंद्राणी झाली.

मला वाटलं आता घरी जायाचं. तर कुबेराचा सवाल पुकारला. कुबेर म्हंजे देवाचा खजिनदार. त्यो रथात न्हाई बसत. मचानावर उबं राहून पाच दीस उन्हात रत्नं उधळायची. म्हनून कुनी घेत न्हाई फारसं. ही सोताच उठली. "एकवीस हजार."

कुनी फुडं चढंना. मागनं कोनतरी म्हनलं, "नाद करू नगा. पयला सवाल मुद्दाम सोडला तिनं. खजिन्याला खजिनदारच शोभतो. कोटीत हाय त्यांचं." एक वेळ, दोन वेळ, तीन वेळ. एकवीस हजारात कुबेर झालो आमी! पंडित म्हनलं, गेल्या येळी एकेचाळीसला गेलावता.

तर मुकुट हायच म्हनं कुबेराला बी. नंदीबैल टळत न्हाई.

सोबत दीड लाखाचा चेक हाय. परत पाठवू नगस. तुज्या साडेएकवीस लाखाचं वाचून ही काय म्हनली ते लिवतो: "बँक ऐंशी टक्केच देती म्हनून हिनंच शिकवलं, आनि मलाच फसवती."

तुजा मामा,
पायगोंडा

·

सातारा
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

चेक घेऊन एकदा पोस्टापर्यंत गेले, परत पाठवायला. रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि मी दहा रुपयांची तिकिटं घेऊन परत आले.

बिल्डरला पैसे दिले. घर माझं आहे, म्हणजे होईल. ताबा फेब्रुवारीत.

तुझं इंद्राणीपण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेलं, हे मी विसरणार नाही. तू विसर म्हणशील, म्हणून आधीच सांगते.

पण हे कर्ज आहे. सूत्रात घालते:

=PMT(0, 60, 150000)

उणे अडीच हजार. पाच वर्षं. दराच्या जागी शून्य घातलं, कारण तू एक पैसाही व्याज घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

आता पुस्तकातला नियम ऐक, मुलांना शिकवते तो. सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायचं, बिनव्याजी सगळ्यात शेवटी. तेव्हा तुझ्या एकवीस हजारांची घाई नको. देऊळ व्याज लावत नाही, माघापर्यंत भरलेस तरी चालेल. तोवर पतसंस्थेत राहू दे. आणि माझा एखादा महिना ओढाताणीचा गेला तर बँकेचा हप्ता आधी जाईल, तुझा थांबेल. हिशेबाने तेच बरोबर आहे. चालेल ना?

चंदना

·

कोथळवाडी
५ नोव्हेंबर २०२४

चि. चंदना,

चालणार नाही.

नेम सुटला. मोबाईल चार्ज करून ठेवलाय. त्यात सुप्रभाताचे एवढे संदेश साठलेत की तो गरम झाला. अजून उघडला नाही. तुझं उत्तर कागदावरच द्यावं म्हटलं.

दराच्या जागी शून्य मीही घालून पाहिलं. वाटलं होतं एक्सेल चिडेल. नाही चिडलं. मुकाट्याने अडीच हजार म्हणालं. माझा त्याच्यावर जीव बसला तो तेव्हा.

देवळाचे एकवीस हजार मी सवालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अभिषेकाच्या आधी भरले. आमच्याकडे असंच. तुझ्या पुस्तकाचा नियम बँकेच्या बाजूने बरोबर असेल. इकडचा नियम ऐक. ज्याला व्याज नाही ते आधी द्यायचं. बँक हप्ता मागते. पत्र पाठवते, फोन करते, दारात माणूस पाठवते. देव मागायला येत नाही. मीही येणार नाही. जो मागायला येणार नाही त्याचं राहून गेलं तर राहूनच जातं. म्हणून आधी.

मला पैसे लवकर हवेत असं समजू नकोस. तुला शिकवते आहे. तूच एकटी शिकवशील काय?

उणेचं मात्र मला अजून पटत नाही. सवालाचे पैसे चौकटीत उणे लिहिले. मुकाट्याने लिहिले. पण पावती घेऊन देवळाबाहेर आले तेव्हा उणे वाटत नव्हतं.

काल सुंदरी आली. आज साखर नको म्हणाली. एक लाख अकरा हजार भरायचेत, उसाचं बिल कधी आणि किती हप्त्यांत येईल ते कारखान्यालाच ठाऊक. "अक्का, तुमच्या मिशीनवर बसवून दावा की." बसवलं. दर महिन्याचं सूत्र तिला चालत नाही. तिचं उत्पन्न वर्षातून दोनदा. मी भागिले बारा खोडून भागिले दोन केलं. दोघी खूष झालो. जाताना हळूच म्हणाली, "कोटी कुठं ठिवलाय, मला तरी सांगा." मी म्हणाले, साताऱ्यात, पाडव्याच्या आत घरात घातला.

माघात ये. मुकुटांचं माप घ्यायला माणूस आला होता. ह्यांनी आरशासमोर दोनदा घालून पाहिला. मी पाहिलं ते त्यांना माहीत नाही.

आत्या

·

सातारा
१ मार्च २०२५

प्रिय आत्या,

फोनवर बोलणं झालंच आहे, तरी हे लिहिते. काही गोष्टी कागदावर असाव्यात.

मचाणाखाली गर्दीत उभी होते ते तुला दिसलं नसेल. तुम्ही दोघं वर. मुकुट, उपरणी, ऊन. रथातून सुंदरीकाकू गेली, चांगली दिसत होती. तिने वर पाहून हात जोडले. मग मामांनी पहिली मूठ उधळली. काचेचे मणी, खारका, खडीसाखर. लोकांनी पदर पसरले, टोप्या पुढे केल्या. मामांना असा काही जोर चढला की दोन्ही हातांनी सुरू झाले. अर्ध्या तासात एक पोतं रिकामं. तुझा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला.

"अवो, पाच दिवस काढायचेत! पुरवून उधळा!"

आणि त्यांचा.

"कुबेर हाय मी, कारकून न्हवं!"

सगळा मंडप हसला. तूही हसलीस, मुकुट कानावर आला. मग तूही दोन्ही हात पोत्यात घातलेस. हिशेब करणारी बाई त्या दिवशी पुन्हा दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सांगलीहून आणखी पोती आणावी लागली, आणि ती सुंदरीकाकूने आणवली, हे कळलं. एक खारीक माझ्या कपाळावर बसली. ती खाल्ली नाही, पर्समध्ये आहे.

घरात आले. स्वयंपाकघरातून किल्ला दिसतो, सकाळी अर्धा धुक्यात. बाबा परवा येऊन गेले. खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले. जाताना पिशवीतून हातोडी काढून ओट्यावर ठेवली.

आज एक तारीख. तुझे अडीच हजार सकाळीच पाठवले. बँकेचा पहिला हप्ता पाच तारखेला जाईल. मुलांना शिकवायचा तक्ता बदलला नाही, पुस्तकातला नियम तसाच आहे. फक्त माझ्या स्वतःच्या चौकटीत शून्य टक्क्याची ओळ सगळ्यात वर घेतली.

मग हातोडी घेतली. पहिला खिळा वाकला. दुसरा भिंतीतून थोडं प्लास्टर घेऊन आत गेला. तुम्हा दोघांचा फोटो लावला, मामांचे दोन्ही हात वर असलेला. तिरका लागलाय. तसाच ठेवला.

दार वाजलं. शेजारच्या बाई होत्या. "सकाळी सकाळी काय ठोकताय?" मी त्यांना आत घेतलं आणि भिंत दाखवली.

"हे कोण?"

"कुबेर," मी म्हणाले. "बसा, चहा टाकते."

चंदना